प्राथमिकची शाळा अकराला सुटणार, मुलांनी जायचं कुठे?

मुलुंडकरीण

शाळेच्या पालक ग्रुपवर संदेश आलाय. पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या आणि चौथ्या शुक्रवारी पहिली ते चौथीची शाळा अकरा वाजता सुटेल. एरवी नऊ ते पावणेदोन असते. कारण दिलंय, ‘शिक्षकांना अध्यापन नियोजनासाठी वेळ’. खाली ‘सहकार्य अपेक्षित’.

ग्रुपवर लगेच रणकंदन. पगार कशाचा घेतात, उन्हाळ्याची सुट्टी कमी पडते का, वगैरे. तो सूर मला इथे नकोय. चाळीस-पन्नास मुलांना शिकवायचं तर आधी बसून विचार करायला वेळ लागतो, हे मला पटतं. प्रश्न शुक्रवारी अकराचा आहे. मी बीकेसीत, नवरा अंधेरीला. निघालो तरी पोचायला बारा, आणि परत ऑफिसला जाऊन काय करायचं? पाळणाघरवाल्या मावशींची वेळ दोनची ठरलेली. व्हॅनवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, “ताई, साडेदहा ते साडेअकरा मी दुपारच्या शाळेची मुलं उचलत असतो. अकराला गाडी आणू कुठून?” त्यांचंही चुकत नाही.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय येणार आहे. नुसतं ‘रद्द करा’ म्हणून यायचं नाहीये. माझं मत असं की शिक्षकांना वेळ द्यावा, पण त्यासाठी मुलांना घरी पाठवायची गरज नाही, ती शाळेतच थांबू शकतात. हे कसं जमवायचं, कोणाकडे जमवलंय का, ते सांगा. शिक्षक असाल तर जरूर लिहा.

भांडुप_स्लो

आमच्याकडे अजून नाही, पण वारं आलंच म्हणायचं. वाचतोय.

टाचणवही

मी शिक्षिका, अनुदानित शाळा, तिसरीचा वर्ग. मोठा प्रतिसाद होणार, आधीच सांगते.

माध्यमिकला विषयशिक्षक असतात. गणिताच्या सरांचा तास संपला की त्यांना मध्ये एखादा ऑफ तास मिळतो. प्राथमिकला बहुतेक ठिकाणी एकच वर्गशिक्षिका परिपाठापासून शेवटच्या घंटेपर्यंत. भाषा, गणित, परिसर अभ्यास सगळं तिचंच. मधल्या सुट्टीत डबे उघडून द्यायचे, कोणाचं पोट दुखतंय ते बघायचं. कोणी रजेवर असलं की त्या वर्गाची अर्धी मुलं तुमच्या वर्गात. ऑफ तास ही चीजच नाही.

त्यात वार्षिक नियोजन, घटक नियोजन, रोजचं टाचण म्हणजे उद्याच्या पाठाची टिपणं, आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची नोंद. हे कधी होतं? लोकलमध्ये आणि रात्री घरी.

पण तो कागदोपत्री भाग झाला. खरं नियोजन कसं असतं ते एका उदाहरणाने सांगते. हातच्याची वजाबाकी घेतली. ४०२ वजा १६८. उत्तर २३४. तिन्ही तुकड्यांच्या वह्या तपासल्या तर चुकलेली उत्तरं वाटेल तशी नव्हती. ठरावीक दोनच पुन्हा पुन्हा येत होती, ३६६ आणि २४४. ३६६ वाली मुलं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतात, वर काय खाली काय बघतच नाहीत. २४४ वाली मुलं शतकाकडून हातचा आणतात, शून्याचे दहा करतात, पण त्यातला एक पुढे एककाला दिला की तिथे नऊच उरतात हे विसरतात. वर्गात दोन्ही उत्तरांवर ‘चूक’ म्हणून सारखीच लाल फुली मारली जाते. पण पहिल्या गटाला मुळात वजाबाकी काय असते तिथपासून धरावं लागतं, दुसऱ्या गटाला काड्यांचे गठ्ठे घेऊन एकदा शंभराचा गठ्ठा सोडून दाखवला की काम होतं. आम्ही तिघी एकत्र बसलो म्हणून हे कळलं. बसलो कुठे, तर शाळा सुटल्यावर जिन्यात, कारण वर्गात पुढच्या सत्राची मुलं आली होती.

तेवढा एक तास पंधरा दिवसांतून मिळाला तर फरक पडतो. पण मुलांना अकराला घरी पाठवून तो मिळवावा का, याबद्दल मलाही शंका आहे.

किरकोळ

टाचणवही, प्रतिसाद आवडला, तरी एक आडवा प्रश्न. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास धरलेत, आणि ते तयारीच्या तासांसकट. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास, म्हणजे दिवसाला सरासरी चार. पावणेदोनला मुलं गेली, तुम्ही पाचपर्यंत थांबा आणि करा की नियोजन. कायद्यानेच वेळ ठेवलाय. मुलांच्या तासातून कशाला?

गोरेगाव_पूर्व

>>पाचपर्यंत थांबा आणि करा की नियोजन

आयटीवाल्यांना सांगा ना हे.

किरकोळ

आम्ही थांबतोच हो. आठपर्यंत.

टाचणवही

प्रश्न रास्त आहे, आणि ज्या शाळेत एकच सत्र चालतं तिथे तसंच व्हायला हवं, ते मी मुख्याध्यापकांसमोरही म्हणेन. पण मुंबईत एकाच इमारतीत दोन सत्रं हा नियम, एक सत्र हा अपवाद. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. मुलांची झोप व्हावी हा हेतू चांगलाच. पण इमारत तेवढीच. प्राथमिक दोन तास पुढे सरकली की दुपारचं सत्र तिच्या शेपटीला येऊन चिकटतं. वर्ग नाही, शिक्षक-खोलीत खुर्च्या नाहीत.

दुसरं, उरलेल्या वेळात काय काय असतं ते बाहेर दिसत नाही. यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधारची जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज. शिवाय बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचे अधिकारी म्हणून मतदारयादीचं काम. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळून. मुंबईत निवडणूक कधी नसते? २०२४ मध्येच मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा. त्या ४५ तासांतली तयारी या सगळ्याच्या खाली दबते. म्हणून शाळा शेवटी अशा जागी हात घालते जिथे तिला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणजे मुलांच्या वेळापत्रकात.

बोरिवली_पाळणाघर

मी गेली बरीच वर्षं घरी पाळणाघर चालवते. इथे सगळे ‘पाळणाघरात ठेवा’ म्हणतात म्हणून आमची बाजू.

लहान मुलं, दीड ते चार वर्षांची, साडेबाराला जेवतात आणि एक ते साडेतीन झोपतात. माझा दिवस त्या झोपेवर उभा आहे. शाळेतली मोठी मुलं दोनला आली की त्यांना आतल्या खोलीत जेवायला बसवायचं, हळू आवाजात गृहपाठ, चारला खाली खेळायला. ही मुलं अकराला आली तर त्यांचा जोश टिपेला असतो. सात-आठ वर्षांची पाच मुलं आणि वन बीएचके. एक धावलं की सगळे धावतात, बाळं उठतात, मग चारपर्यंत रडारड. आयत्या वेळी आलेल्या मुलाचं जेवणही असतं. भात-वरण सकाळीच डोकी मोजून लावलेलं असतं.

पैशांचं म्हणाल तर, महिन्याचे पैसे ठरलेले. महिन्यातून दोन दिवस तीन तास जास्त, त्याचे वेगळे मागितले तर पालकांना जड जातं, नाही मागितले तर मला. दुसरी मदतनीस ठेवायची तर ती दोन शुक्रवारांसाठी कोण येणार? मी नाही म्हणत नाही, पण तारीख आधी कळली पाहिजे. वर्षाच्या तारखा जूनमध्ये हातात द्या, मी तयारी ठेवते. आदल्या रात्री फोन करून ‘मावशी, उद्या जरा लवकर’ म्हणू नका.

कायदेशीर_कटकट

पाळणाघरांचा विषय निघालाच आहे तर एक भोक दाखवतो. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांपुरत्या. सरकारी ‘पाळणा’ योजनाही तेवढ्याच वयाची. अंगणवाडी तीन ते सहा. म्हणजे सरकारच्या लेखी मूल पहिलीत गेलं की त्याला सांभाळायची गरज संपली, कारण आता शाळा आहे. शाळा आहे साडेचार-पावणेपाच तास, नोकरी नऊ तास आणि वर लोकल. सहा ते दहा हे वय कोणाच्याच खात्यात नाही. कुलूप उघडून एकटं घरात बसण्याइतकं मोठं नाही, पाळणाघरात मावण्याइतकं लहान नाही.

गिरगावचा_आजोबा

कोणाच्याच खात्यात नाही कसं? आजी-आजोबांच्या खात्यात आहे.

नातू दुसरीत. रोज मीच आणतो. अकराला काय, पावणेदोनला काय, मला फरक पडत नाही असं मुलगा आणि सून गृहीत धरतात. तिसरा मजला, लाकडी जिना, गुडघा दुखरा, पाठीवर त्याचं दप्तर. आवडतं मला, तक्रार नाही. पण बँकेचं, डॉक्टरचं काम शुक्रवारी ठेवू नये एवढं तरी आधी सांगा.

‘पूर्वी चाळीत सगळे सांभाळायचे’ हे कोणी लिहिण्याआधीच लिहितो. सांभाळायचे, कारण बायका घरी होत्या. आता त्यांच्याच मुली-सुना आठ बाराची फास्ट पकडतात.

भांडुप_स्लो

आजोबा, _/\_

सकाळसत्र

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. इथली चर्चा ऑफिसला जाणाऱ्या पालकांभोवती फिरतेय म्हणून लिहिते.

आमच्या वर्गातल्या आया घरकाम करतात, भाजी विकतात, कोणी हॉस्पिटलात आया आहे. त्यांना ‘वर्क फ्रॉम होम घेते’ म्हणायची सोय नाही. खाडा झाला की पैसे गेले. मग आमच्याकडे शाळा लवकर सुटली तर लहानग्याला कोण बघतं? मला ते माझ्या वर्गात कळत नाही, दुपार सत्राच्या हजेरीपटावर कळतं. सहावी-सातवीतली ताई त्या दिवशी गैरहजर. आईने सांगितलेलं असतं, ‘आज भावाला घेऊन घरी थांब.’ लहान्याचे दोन तास बुडतात आणि थोरलीचा पूर्ण दिवस. शिक्षकांच्या नियोजनाची किंमत शेवटी बारा वर्षांची मुलगी भरते, आणि ते कुठल्याही तक्त्यात येत नाही.

म्हणून मी दोन गोष्टींवर हटून बसते. पोषण आहार खाऊ घातल्याशिवाय मूल सोडायचं नाही. आणि ज्यांच्या घरी कोणी नाही ती मुलं शाळेतच थांबतील, वाचनाच्या कोपऱ्यात म्हणा, मैदानात म्हणा. एक शिक्षक आळीपाळीने त्यांच्याजवळ. बाकीचे बसतात नियोजनाला. सगळे एकाच दिवशी बसलेच पाहिजेत असं नाही.

मुलुंडकरीण

सकाळसत्र, हे थोरल्या बहिणीचं माझ्या डोक्यात आलंच नसतं. बैठकीत मांडते. आमच्या शाळेतही आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेली मुलं आहेत आणि त्यांचे पालक ग्रुपवर काही लिहीत नाहीत.

व्हर्जिनियाकर

मूळचा पार्ल्याचा, आता अमेरिकेत फेअरफॅक्स काउंटीत. इथेही हाच वाद, हुबेहूब. २०१४ पर्यंत इथल्या प्राथमिक शाळा सोमवारी लवकर सुटायच्या, शिक्षकांच्या नियोजनासाठीच. त्या सप्टेंबरपासून सोमवार पूर्ण झाला, पालक खूश. मग २०२४-२५ पासून प्राथमिकचे काही बुधवार पुन्हा लवकर सुटायला लागले. राज्याने वाचन शिकवण्याबाबत नवा कायदा केला, त्याचं प्रशिक्षण आणि नियोजन एरवीच्या वेळात बसेना. पालकांचा आरडाओरडा इथेही झाला. ‘पगार कशाचा’ सकट, फक्त इंग्रजीत.

दोन फरक मात्र लक्षात घेण्यासारखे. तारखा आधीपासून शाळेच्या कॅलेंडरमध्ये असतात. आणि ज्यांना अडचण आहे त्यांची मुलं नेहमीच्या वेळेपर्यंत शाळेतच, देखरेखीखाली, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त आधी नाव नोंदवायचं. एरवी शाळा सुटल्यानंतरची काउंटीची सोय शाळेच्या इमारतीतच असते, पण तिला पैसे पडतात आणि प्रतीक्षायादी असते. सगळं आलबेल आहे असं समजू नका.

किरकोळ

तिकडे शाळेला मैदान, ग्रंथालय, हॉल, कॅफेटेरिया. इकडे जिन्यात बसून वजाबाकी.

व्हर्जिनियाकर

मान्य. पण कॅलेंडर छापायला मैदान लागत नाही.

परळ_रात्रपाळी

मी परिचारिका. रात्रपाळी करून सकाळी साडेआठला घरी येते, लेकाला शाळेत सोडते आणि झोपते. माझी झोप साडेनऊ ते एक. अकराला शाळा सुटली तर मी दीड तास झोपून संध्याकाळी पुन्हा वॉर्डात. लवकर सुटण्याने फक्त दिवसपाळीवाल्यांची पंचाईत होते असं वाटू नये म्हणून लिहिलं.

सायन_सर्कल

ठरवून लवकर सोडणं परवडलं, पावसाचं काय? १८ ऑगस्ट २०२५ आठवा. पाऊस सकाळपासून, आणि महापालिकेने दुपार सत्राच्या शाळांना सुट्टी जाहीर केली तेव्हा सकाळची मुलं शाळेतच होती. दुपारची बरीच डबा भरून तयार. गांधी मार्केटला पाणी, रिक्षा नाही, पालक ग्रुपवर ‘कोणी आमच्या बाजूला येतंय का’ची रांग. दुसऱ्या दिवशीची सुट्टी निदान आधी कळली.

गिरगावचा_आजोबा

२६ जुलै २००५ ला कित्येक मुलं रात्रभर शाळेतच राहिली. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस. ज्या शाळांनी फाटक बंद करून मुलांना आत ठेवलं, त्यांच्या पालकांनी नंतर हात जोडले. बिस्किटं आणि शिक्षक एवढ्यावर रात्र काढली पोरांनी. मग ठरवलेल्या शुक्रवारी पावणेतीन तास ठेवता येत नाहीत?

टाचणवही

आजोबा, ठेवता येतात, पण कोणाच्या भरवशावर? ‘पालक स्वयंसेवक येतील’ असं ग्रुपवर पटकन म्हटलं जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर बाहेरच्या कोणालाही मुलांजवळ ठेवायला कुठलीही शहाणी मुख्याध्यापिका कचरेल, आणि कचरायलाच हवं. सीसीटीव्ही, चारित्र्य पडताळणी, सगळं आलं. तेव्हा माणसं शाळेतलीच लागतील.

मी आमच्या शाळेत एक सुचवलं होतं, ते सांगते. शारीरिक शिक्षण, कला आणि कार्यानुभवाचे तास एकाच इयत्तेच्या सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी लावायचे. तिसरी अ मैदानात, ब चित्रकलेला, क ग्रंथालयात, पुढच्या आठवड्यात फिरवायचं. तेवढा वेळ तिसरीच्या तिघी वर्गशिक्षिका मोकळ्या, एकत्र. शाळा लवकर सोडायलाच नको. वेळापत्रक लावणाऱ्याचं डोकं फिरतं हे खरं, आणि चित्रकलेचे शिक्षक असतील तरच जमतं. कित्येक अनुदानित शाळांत संचमान्यतेत, म्हणजे सरकार मंजूर करतं त्या पदांत, ती पदंच उरलेली नाहीत. आमच्याकडे निम्मंच जमलं, दुसरी-तिसरीला. पहिलीच्या बाई अजून जिन्यातच आहेत.

आनंददायी शनिवारचाही उपयोग होऊ शकतो. २०२४-२५ पासून पहिली ते आठवीला तो आहे. खेळ, गोष्टी, प्रयोग. दोन वर्ग एकत्र घेऊन एका शिक्षिकेला सोडता येतं.

किरकोळ

हे आवडलं. ऑफ तास असा लावता येत असेल तर माझा ४५ तासांचा मुद्दा तसाही निकालात निघतो. पण मग शाळा हे न करता थेट अकराची घंटा का मारते?

टाचणवही

कारण ते एका संदेशात होतं.

मुलुंडकरीण

बैठक झाली. थोडक्यात लिहिते, कारण तीन तासांची होती आणि त्यातला एक तास कँटीनच्या समोशावर गेला.

तारखांचं मान्य झालं. वर्षाच्या सगळ्या तारखा छापून देणार, आणि घटक चाचणीच्या आठवड्यात लवकर सोडणार नाहीत. ज्यांना हवं त्यांची मुलं पावणेदोनपर्यंत थांबतील हेही मान्य, लेखी नाव दिलं तर. मैदानात शारीरिक शिक्षणाचे सर आणि ग्रंथालयात ग्रंथपाल बाई, सोबत आळीपाळीने एक वर्गशिक्षिका. मुख्याध्यापिकांना वाटत होतं दहा-बारा मुलं असतील. अर्ज वाटले तर पहिली-दुसरीतच निम्म्याहून जास्त पालकांनी नाव दिलं. आता त्या म्हणतात, ग्रंथालयात एवढी मावणार नाहीत, हॉल रिकामा आहे का बघते. थोरल्या बहिणींचा मुद्दा मी मांडला तेव्हा दोन शिक्षिकांनी माना डोलावल्या, एकीने तर नावंच सांगायला सुरुवात केली, तिला थांबवावं लागलं.

टाचणवहींनी सुचवलेलं, सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी कला-खेळाचे तास लावायचं, ते मान्य झालं नाही. ‘जूनमध्ये बघू’. चित्रकलेची जागा रिकामी आहे, ती भरली तर. शिक्षिकांना हेच जास्त हवं होतं असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं, पण बैठकीत कोणी उघड बोलल्या नाहीत.

आणि जी मुलं अकराला सुटणारच, त्यांच्या व्हॅनचं घोंगडं तसंच भिजत पडलंय. शाळा म्हणते व्हॅन पालकांनी ठरवलेली, तिच्याशी आमचा संबंध नाही.

कायदेशीर_कटकट

असं झटकता येत नाही. राज्याचे स्कूल बसचे नियम २०११ चे आहेत आणि त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओ, बसवाल्यांचा प्रतिनिधी. मुलांना आणण्या-नेण्याचे प्रश्न त्याच समितीपुढे जायला हवेत. तिथे लेखी द्या.

बोरिवली_पाळणाघर

आणि व्हॅनवाल्या काकांनाही बोलवा बैठकीला. त्यांना विचारल्याशिवाय वेळ बदलतात आणि मग आमच्या दारात मूल कधी पोचतं ते मलाच माहीत.

मुलुंडकरीण

काकांचा नंबर देते बाईंना. ती समिती आहे बहुतेक आमच्याकडे, शाळेच्या फाटकाजवळच्या फलकावर नावं पाहिल्यासारखी वाटतात. शेवटची बैठक कधी झाली ते सोमवारी विचारते.